मालक परगावी

कोल्हापुरात एकाच बीटवर मी एकोणीस वर्षं टपाल वाटलं. त्या एकोणीस वर्षांत खोटे शेरे किती लिहिले, ते आज मला सांगता येणार नाही.

शेरा म्हणजे काय ते आधी सांगतो. जे टपाल पोहोचत नाही त्याच्यावर पोस्टमननं कारण लिहून ते ऑफिसात परत आणायचं असतं. घेण्यास नकार, घर बंद, पत्ता सोडून गेले, मयत. दोन-तीन शब्द, खाली तारीख आणि सही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं असा नियम. मला हा नियम फार कोरडा वाटायचा. बीटवरच्या एका हवालदारानं जाहिरात वाचून केस काळे करायचं तेल व्ही.पी.नं, म्हणजे पैसे दारात द्यायच्या बोलीवर, मागवलं होतं. पार्सल घेऊन गेलो तर दारात बायको उभी, आणि पैसे मोजायचे तिनेच. हवालदार तिच्या मागून मला हातानं खुणा करतोय. मी पार्सल बॅगेत ढकललं आणि शेरा लिहिला, ‘घर बंद’. कुणाकडे बिनतिकिटाचं बेअरिंग पत्र आलं आणि ते सोडवायला घरात चार आणे नसले, की ‘नकार’ न लिहिता मी ‘भेटले नाहीत’ असं लिहायचो. गरिबाला नकार देणारा म्हणून कशाला कागदावर आणायचं?

याला मी माणुसकी म्हणत होतो. खात्याच्या पुस्तकापेक्षा मला माणसं जास्त कळतात असा माझा तोरा होता. बीटवरचे लोकही कौतुक करायचे, त्यामुळे तोरा वाढतच गेला.

बीटच्या शेवटच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. वर मालक राहायचे. खाली, रस्त्याच्या बाजूच्या दोन खोल्यांत, कल्हईवाले चाचा आणि चाची; मागच्या खोल्यांत आणखी भाडेकरू. वीसएक वर्षं ते तिथं राहत होते. पुढच्या खोलीच्या दारापाशी जमिनीत भट्टी पुरलेली, शेजारी हातानं फिरवायचा भाता. सकाळी नवसागराचा पांढरा धूर गल्लीत पसरायचा आणि चाचा कापडाच्या बोळ्यानं पितळेच्या भांड्याच्या आतून कथील फिरवत बसलेले दिसायचे. चाची मुन्सिपाल्टीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, मराठी लिहाय-वाचायची. चाचांना उर्दू येत असे. लेक जयसिंगपूरला दिलेली, बाकी घरात दोघंच. बीट संपवून मी त्यांच्या कट्ट्यावर बॅग उतरवायचो आणि चाची आतून चहा पाठवायची. हे रोजचं होतं.

दुष्काळाची वर्षं सरली तोवर घरोघरी स्टीलची भांडी आली होती. स्टीलला कल्हई लागत नाही. चाचांकडे चार-चार दिवस एखादं पातेलं यायचं नाही. तरी त्या दोन खोल्या होत्या म्हणून धंदा होता, कारण धुराचं काम करणाऱ्याला नव्यानं जागा कोण देणार? चाचा स्वतःच म्हणायचे, “हितनं उठलो की भट्टी इझली.”

भाडं वर नेऊन द्यायचं काम चाचांचं. एका महिन्यात ते जिना चढून गेले आणि पैसे तसेच घेऊन खाली आले. मालकांनीच परत दिले होते. “असू द्या की चाचा,” मालक म्हणाले होते, “धंदा थंड हाय तुमचा. सावकाश द्या. पळून जाताय व्हय कुठं?” चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. असला मालक मिळायला नशीब लागतं, असं ते म्हणाले. मीही मान डोलावली. पुढच्या महिन्यात तेच झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. एकदा हातात राहिलेले पैसे घरात खर्च झाले. चाचांनी वर जाणंच सोडलं. मालक जिन्यावरून उतरताना हसून विचारपूस करायचे, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सात महिने झाल्यावर मालकांच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली. ती मीच घेऊन गेलो. चाचीनं पोचपावतीवर सही केली, मी तारीख टाकली. पाकीट फोडून तिनं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली.

“भाडं थकवलंय म्हणून जागा खाली करा म्हणत्यात,” ती म्हणाली.

चाचा हसले. “दुसऱ्या कुणाची असंल. पत्ता बगा की पोस्टमन नीट.”

पत्ता बरोबर होता. मी नोटीस हातात घेऊन मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर चाचा उठून जिन्याकडं बघत राहिले. त्यांना वर जाऊन विचारायचं होतं, पण चाचीनं हात धरला.

तेव्हा मी शहाणपण शिकवलं. बीटवर दहा घरची भांडणं कानावर पडलेली होती. मालक भाडं घेत नसला की भाडेकरू मनिऑर्डर करतो, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “घाबरू नका. सगळं थकलेलं भाडं गोळा करा आणि एकदम मनिऑर्डर करा. मनिऑर्डर केली की तुमचं कुणी काही वाकडं करू शकत नाही.” नोटिशीत एक महिन्याची मुदत होती. ती पाळा, असंही मी बजावलं. पोटात अर्धं ज्ञान आणि तोंडात पुरा अधिकार, अशी माझी तेव्हा अवस्था होती.

पैसे जमायला वेळ लागला. शेवटी जयसिंगपूरहून जावयानं पाठवले. तेही मनिऑर्डरनंच आले आणि मीच ते चाचांच्या हातात मोजून दिले. त्याच दुपारी चाचीनं मालकांच्या नावचा फॉर्म भरला आणि खालच्या कुपनवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सात महिन्यांचे भाडे’. मुदतीतले अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती मनिऑर्डर माझ्याच बॅगेत आली. चाचांच्या दारावरून जिना चढून मी वर गेलो. शुक्रवार होता. मालक आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. “बसा की पोस्टमन,” म्हणाले. मालकीणबाईंनी चहा आणला. मी फॉर्म आणि नोटा समोरच्या टेबलावर ठेवल्या. मालकांनी चष्म्यातून कुपन वाचलं. नोटांना हात लावला नाही.

“हे मी घेत न्हाय,” ते शांतपणे म्हणाले.

“बरं. मग नकार लिहितो,” मी खिशातलं पेन काढलं.

मालकांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “नकार कशाला लिवतासा? सुक्करवारचा दारात आलेला पैसा मी परत लावला असं कागदावर ऱ्हातंय. हिला ते चालायचं न्हाय. आणि चाचास्नी काय वाटंल? वीस वर्सं ऱ्हायलेला माणूस. मी गावाकडं गेलोय म्हणून लिवा की. चार दिस जाऊ द्यात, आमचं आमी बसून मिटवतो.”

मला यात खोटेपणा दिसलाच नाही. लक्ष्मीच्या वारी पैसा परत करणं अशुभ, हे आमच्याही घरात मानत होते. भाडेकरूचं मन दुखावू नये म्हणून मालक एवढी काळजी घेतात, याचं मला कौतुक वाटलं. आणि खरं सांगायचं तर तसला प्रतिष्ठित माणूस आपल्याशी आवाज खाली करून बोलतोय, याचंही बरं वाटलं. मी फॉर्मवर लिहिलं, ‘मालक परगावी’. तारीख टाकली, सही केली आणि उरलेला चहा पिऊन खाली आलो.

घेणारा परगावी असला तर मनिऑर्डर सात दिवस ऑफिसात ठेवायची आणि मध्ये पुन्हा दाखवायची, असा नियम. चौथ्या दिवशी मी पुन्हा वर गेलो. मालक मला बघून हसले. “अजून गावाकडनं आलो न्हाय मी,” म्हणाले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

सात दिवसांनी पैसे आणि फॉर्म मी चाचांना परत नेऊन दिला. चाचीनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

“परगावी?” ती म्हणाली. “मालक वर हाईत की. सकाळीच खोकताना ऐकलं मी.”

“तसं लिहायची पद्धत असती, चाची,” मी म्हटलं. “नकार लिहिला की मनं कडू होतात. पैसे तुमचे परत आले, फॉर्म जपून ठेवा. मनिऑर्डर केल्याचा पुरावा झाला.”

“पद्धत?” तिनं पुन्हा विचारलं. चाचा तिच्यावर ओरडले. पोस्टमन रोजचा माणूस, त्याला कळत नाही आणि तुला कळतं होय, असं काहीतरी म्हणाले. तिनं फॉर्म घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी चाचा हातात पैसे घेऊन स्वतः वर गेले. बाईंनी दारातूनच मालक घरात नाहीत म्हणून सांगितलं. असं दोनदा झालं आणि मुदत संपली.

महिनाभरात दाव्याचं समन्स आलं. चाचा पत्र्याची पेटी घेऊन बीटवरच्या एका वकिलांकडं गेले. वकील गरिबांची कामं कमी पैशात करायचे. त्यांनी दोन दिवसांनी मला घरी बोलावलं. टेबलावर दोन कागद समोरासमोर ठेवले होते, नोटिशीच्या पोचपावतीची नक्कल आणि मनिऑर्डरचा फॉर्म. दोन्हीवर माझंच अक्षर होतं.

वकिलांनी कायदा मला सोप्या शब्दांत सांगितला. सहा महिने किंवा त्याहून जास्त भाडं थकलं की मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात भाडेकरूनं सगळी थकबाकी दिली, किंवा देऊ केली आणि मालकानं ती नाकारली, तर त्याला जागेतून काढता येत नाही. महिना उलटला तर मग कोर्टाचेही हात बांधलेले. पुढं कोर्टात पैसे भरले तरी उपयोग नाही.

“चाचांनी महिन्याच्या आत सगळं भाडं देऊ केलं होतं,” वकील म्हणाले. “बचाव म्हणून दुसरं काही लागतच नव्हतं. घेण्यास नकार, एवढे शब्द या कागदावर असते तर दावा उभाच राहिला नसता. मालक आता म्हणतात, मी शेतीच्या कामासाठी गावी होतो, मला कुणी पैसे दाखवलेच नाहीत. पुरावा म्हणून त्यांनी तुमचाच शेरा पुढं केलाय.”

मी विचारलं, मालकांनीच सावकाश द्या म्हणून सांगितलं होतं, त्याचं काय. वकील म्हणाले, ते ऐकलं कुणी? चाचांनी ऐकलं. चाचा प्रतिवादी. शेजारच्या खोल्यांतले भाडेकरू त्याच मालकाचे, त्यांच्यापैकी साक्षीला कोण येणार?

मग त्यांनी मला सरळ विचारलं, “मालक त्या दिवशी घरात होते?”

“होते.”

“हे कोर्टात सांगाल?”

सांगायचं म्हणजे मी सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटा शेरा लिहिला हे शपथेवर कबूल करायचं. खात्यात यापेक्षा लहान गुन्ह्यांवरून लोक घरी गेलेले मी पाहिले होते. वकिलांनीही आग्रह केला नाही. विचार करा, एवढंच म्हणाले.

घरी बायकोला सांगितलं. ती मुरगूडकडची, बोलायला रोखठोक. “आपलंबी घर भाड्याचंच हाय,” ती म्हणाली. “तुमची नोकरी गेली तर म्हैनाभरात आपली भांडीबी रस्त्यावर येतील. तवा तो वकील येणार हाय व्हय उचलायला?” तिचं चुकत नव्हतं. दोन मुलं शाळेत होती. गावाकडच्या तुकड्यात भावांचंच भागत नव्हतं.

पंधरा दिवस मी त्या गल्लीत टपाल टाकून मान खाली घालून परत फिरायचो. चाचा हाक मारायचे, चहाला थांबा म्हणायचे. मी कामाचं निमित्त सांगायचो. एक दिवस त्यांनी बॅगेचा पट्टाच धरला आणि कट्ट्यावर बसवलं. म्हणाले, “वकिलास्नी मी सांगितलंय, तुमास्नी बोलवायचं न्हाय म्हणून. तुमची लेकरं हाईत.”

चाची दाराच्या आत उभी होती. ती म्हणाली, “लिवलं त्यांनी. सांगूदेतबी त्यांनीच.”

चाचा तिच्याकडं वळले, पण या वेळी ओरडले नाहीत. मी तसाच उठून वकिलांकडं गेलो आणि माझं नाव साक्षीदारांत घाला म्हणून सांगितलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. चाचांनी मला इतक्या सहज मोकळं केलं, ते मला सहन झालं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मनात असंही होतं की एकदा मी खरं सांगितलं की सगळं सुरळीत होईल. पोस्टमन स्वतः सांगतोय म्हटल्यावर कोर्ट का ऐकणार नाही?

साक्षीच्या दिवशी मी खाकी ड्रेस इस्त्री करून घातला. शपथ घेतली आणि जे घडलं ते सांगितलं. शुक्रवार, आरामखुर्ची, चहा, आवाज खाली करून केलेली विनंती, चौथ्या दिवशीचं हसणं. मालक समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. न्यायाधीश लिहून घेत होते. मला वाटलं, झालं.

मग मालकांचे वकील उठले. सभ्य माणूस, एकदाही आवाज चढवला नाही.

“प्रतिवादींकडे तुम्ही चहा घेता?”

“घेतो.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

“किती वर्षं?”

“तेरा.”

“मनिऑर्डर करा असा सल्ला त्यांना कुणी दिला?”

“मीच दिला.”

“या फॉर्मवरचं अक्षर आणि सही तुमची?”

“माझीच.”

“हा शेरा लिहिला तेव्हा तुमच्यावर कुणाचा दबाव होता? धमकी, पैसे, काही?”

“नाही.”

“मग आता कोर्टाला एवढंच सांगा. तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?”

“तेव्हा खोटं लिहिलं,” मी म्हणालो. कोर्टात कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, असे शेरे याआधीही लिहिले आहेत का? मी शपथेवर होतो. हो म्हणालो. किती? आठवत नाही म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

निकाल महिन्याभरानं लागला. वकिलांनी तो मला मराठीत करून सांगितला. सरकारी नोकरानं कामाच्या ओघात, त्याच दिवशी, कुठलंही भांडण नसताना लिहिलेला शेरा कोर्टानं खरा धरला होता. नंतर त्याच्या उलट दिलेली साक्ष प्रतिवादीशी असलेल्या घरोब्यातून आलेली आहे, आणि खोटे शेरे लिहिल्याचं स्वतःच कबूल करणाऱ्या साक्षीदारावर विसंबता येत नाही. सबब महिन्याच्या आत थकबाकी देऊ केल्याचं शाबीत होत नाही. जागा सोडायला तीन महिने दिले होते. वकील अपिलाचं बोलले. चाचांनी हात जोडले आणि नको म्हणाले.

तेरा वर्षं मी खोटे शेरे लिहिले, ते सगळ्यांनी खरे मानले. एकदा कोर्टात उभं राहून खरं बोललो तर ते कुणाला पटलं नाही. यात कोर्टाची चूक मी तेव्हाही काढली नाही. माझ्या जागी दुसरा कुणी साक्षीदार असता तर मीही त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. मालकांना त्यांच्या वकिलानं आधीच शिकवून ठेवलं होतं, का खरंच त्यांना शुक्रवारचा संकोच वाटला होता, हे मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तरी शेरा मालकांनी लिहिला नव्हता.

साक्षीची बातमी खात्यात पोहोचली आणि मला मेमो आला. खोटा शेरा लिहिल्याचं तुम्ही शपथेवर कबूल केलं आहे, तुमच्यावर कारवाई का करू नये? मी बायकोला सांगून ठेवलं की आता तयारीत राहा. चौकशीला आलेल्या साहेबांनी निकालाची नक्कल मागवली, ती दोनदा वाचली आणि पेन खाली ठेवलं. कोर्ट म्हणतंय तुमचा शेरा खरा होता, ते म्हणाले. मग मी तो खोटा होता म्हणून तुम्हाला शिक्षा कशी करू? एक ताकीद देऊन फाईल बंद झाली. ज्या निकालानं चाचांचं घर गेलं, त्याच निकालानं माझी नोकरी राहिली. त्या रात्री आमच्या घरात गोड केलं होतं. मी जेवलो नाही म्हणून बायको रडली.

तीन महिने सरले तेव्हा बेलिफाची वाट न बघता चाचांनी खोल्या रिकाम्या केल्या. मला दुसऱ्या गल्लीतून जाता आलं असतं. मी त्यांच्याच गल्लीतून गेलो. दारात बैलगाडी उभी होती. पेटी, गाद्या, दोन पातेली, भाता. भट्टी जमिनीतून उपटता येत नव्हती, ती तशीच राहिली होती. चाचा गाडीवर सामानाला दोर आवळत होते. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा दोराकडं वळले. मालकांच्या मुलाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान तिथं निघणार, हे गल्लीला तोवर माहीत झालं होतं.

चाची रिकाम्या खोलीतून केरसुणी घेऊन बाहेर आली. सोडायच्या जागेलाही तिनं झाडून काढलं होतं.

“तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं?” तिनं विचारलं.

“राहिली.”

“बरं झालं.” तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

माझं चुकलं, असं म्हणालो. “तुमी आमचं वाईट कराय गेला न्हवता, ते कळतंय मला,” ती म्हणाली. “तुमी कुणाचंच वाईट करत न्हाय. वर गेला की मालकाला बरं वाटंल असं करतासा, खाली आला की आमास्नी बरं वाटंल असं बोलतासा. त्या दिशी मी इचारलं तवा तुमी मला पद्धत सांगितली. मी मुदतीच्या आत इचारलं हुतं, पोस्टमन.”

खरंच, तेव्हा मुदतीचे दिवस उरले होते. त्याच दिवशी तो कागद घेऊन मी वकिलाकडं गेलो असतो, किंवा पुन्हा मनिऑर्डर करायला लावून खरा शेरा लिहिला असता, तर ती आज त्या दारात केरसुणी घेऊन उभी नसती. एवढं साधं होतं ते, आणि मी तिलाच समजावत बसलो होतो.

बीट सोडून जाणाऱ्याचा नवा पत्ता पोस्टमननं लिहून घ्यायचा असतो, म्हणजे मागून आलेलं टपाल तिकडं लावून देता येतं. काहीतरी करायचं म्हणून मी वही काढली. “नवा पत्ता सांगा, चाची. पत्रं तिकडं पाठवतो.”

“नगं,” ती म्हणाली. “जयसिंगपूरला सांगून ठेवलंय. काय कळवायचं असंल तर माणूस धाडा म्हणून. पोस्टातनं आता आमास्नी काय नगं.”

चाचांनी वर बघितलं. मला वाटलं, ते नेहमीसारखे तिच्यावर ओरडतील. त्यांनी दोराची गाठ मारली, चाचीला हात देऊन गाडीवर घेतलं आणि गाडीवानाला चला म्हणाले.

त्या बीटवर मी आणखी सहा वर्षं होतो. त्यांच्या नावाचं एकही पत्र माझ्या हातात आलं नाही.